बॅटरी, डायनामो आणि खान्देशातले रस्ते

गाडीतले दिवे, हॉर्न, वायपर, पंखा हे सगळे कशावर चालते, असे कुणालाही विचारून पहा. बहुतेक जण पटकन सांगतील, "बॅटरीवर!" आमच्या घरातली इंजिनिअर झालेली मुलेसुद्धा हेच सांगतात. उत्तर अर्धेच बरोबर आहे. गाडी उभी असेल, इंजिन बंद असेल, तोवर ते खरे. इंजिन सुरू झाले की ते खरे राहत नाही. चालत्या गाडीला वीज पुरवतो तो इंजिनाला पट्ट्याने जोडलेला अल्टरनेटर. आमच्याकडची जुनी माणसे त्याला अजून "डायनामा" म्हणतात. बॅटरीचे मुख्य काम इंजिन सुरू करून देण्याचे. ते झाले की ती बाजूला होते, आणि खर्च झालेली वीज त्या डायनाम्याकडूनच परत भरून घेते.

मी काही विज्ञानाची शिक्षिका नव्हे. मराठी माध्यमातून बी.ए. झाले आणि जन्मभर इतिहास आणि मराठी शिकवले, काही वर्षे जळगाव जिल्ह्यात, काही धुळे जिल्ह्यात. पण इतिहास काय फक्त राजांचाच असतो? या दोन वस्तूंचाही इतिहास आहे, आणि त्यातला बराचसा मी एस.टी.च्या खिडकीतून, सायकलवरून आणि पॅसेंजरच्या डब्यातून पाहिला आहे. तेव्हा आज तोच सांगते.

मुळात या दोघांचा जन्म वेगवेगळ्या वेळी झाला. इटलीच्या व्होल्टाने १८०० साली रसायनांपासून वीज काढून दाखवली. ही पहिली बॅटरी. इंग्लंडच्या फॅरेडेने १८३१ साली चुंबक आणि तारेचे वेटोळे यांच्या हालचालीतून वीज निर्माण होते हे सिद्ध केले. ते डायनामोचे बीज. पुढे १८५९ साली फ्रान्सच्या गॅस्तों प्लांते याने शिशाच्या पट्ट्या सौम्य गंधकाम्लात बुडवून अशी बॅटरी केली, की जी रिकामी झाल्यावर परत भरता येते. तुमच्या-आमच्या गाडीतली बॅटरी ती हीच, सुधारलेली. पण गंमत अशी, की भरता येणारी बॅटरी आली तेव्हा ती भरणारे चांगले यंत्रच नव्हते! एका बॅटरीने दुसरी बॅटरी भरावी लागे. १८७० नंतर कामाचे डायनामो तयार होऊ लागले, तेव्हा कुठे त्या बॅटरीला अर्थ आला.

मोटारगाडी आली तेव्हा तिच्यात सुरुवातीला या दोघांचाही फारसा संबंध नव्हता. पुढे कार्बाइडचे नाहीतर तेलाचे दिवे, आणि इंजिन सुरू करायला समोरून घालायचे लोखंडी हँडल. हँडल मारताना इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट मोडायचे. मोटार चालवायला ड्रायव्हर अंगापिंडाने दणकट पाहिजे, असे जे जुने लोक म्हणत, त्याचे एक कारण हे हँडल.

ते हँडल घालवले अमेरिकेच्या चार्ल्स केटरिंगने. हा माणूस आधी दुकानातल्या गल्ल्याची यंत्रे बनवणाऱ्या कंपनीत होता. गल्ल्याचा खण उघडायला एक छोटी मोटर लागे. तिला दिवसभर फिरायचे नसते, क्षणभरच पण जोराने फिरायचे असते. केटरिंगला वाटले, इंजिन सुरू करायलाही असेच क्षणभराचे बळ हवे आहे. १९११ साली त्याने कॅडिलॅक मोटारीवर विजेचा स्टार्टर बसवला आणि १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये तो विकायला आला. आपण ज्याला "सेल्फ मारणे" म्हणतो त्याची ही सुरुवात. बॅटरीने मोटर फिरवायची, मोटरने इंजिन फिरवायचे, आणि इंजिन चालू झाले की त्याच यंत्राने डायनामो होऊन बॅटरी भरायची. घेतलेले परत करायचे, अशी व्यवस्था! तिथून बॅटरी आणि डायनामो यांचा संसार सुरू झाला तो आजतागायत.

आता हे खान्देशात कसे दिसत होते ते पाहू.

डायनामोशी आमच्या पिढीची पहिली ओळख सायकलवर झाली. मागच्या चाकाच्या टायरला घासणारी ती बाटलीच्या आकाराची चकचकीत वस्तू आठवते ना? पायडल मारले की दिवा लागायचा, जोरात मारले की लख्ख व्हायचा, आणि चढावर पाय थकले की नेमका तेव्हाच मिणमिणता. थांबलात की अंधार! कारण तिथे बॅटरी नव्हती. पायाने केलेली वीज तिथल्या तिथे खर्च. पुढे १९७२ च्या सुमारास बजाजची चेतक आणि कायनेटिकची लूना आली, त्यांचेही तेच. हेडलाइटला वीज थेट इंजिनातल्या मॅग्नेटोची. म्हणून चेतकवाला रात्री चौकात थांबला की मूठ पिळून इंजिन गुरगुरवत ठेवायचा, नाहीतर दिवा विझू विझू व्हायचा. बॅटरीवाचून डायनामोचे काय होते, हे आम्ही असे रस्त्यावरच शिकलो.

दोघे एकत्र कसे नांदतात ते पाहायला मिळाले रेल्वेत. चाळीसगाव-धुळे पॅसेंजर, नाहीतर भुसावळकडे जाणारी कुठलीही गाडी घ्या. डब्याखाली चाकाच्या आसाला पट्टा लावून डायनामो फिरवलेला असे, आणि शेजारच्या पेटाऱ्यात बॅटऱ्यांची रांग. गाडी धावत असेल तेव्हा डायनामो दिवे-पंखे चालवी आणि बॅटऱ्याही भरी. स्टेशनात थांबली की भार बॅटऱ्यांवर. म्हणूनच सिग्नल न मिळाल्याने गाडी आडरानात तासभर खोळंबली, की दिवे हळूहळू पिवळे पडत आणि पंखे आळसावत. गाडी सुटून वेग घेतला की परत उजेड! ज्याने हे पाहिले आहे त्याला मोटारीतली बॅटरी-अल्टरनेटरची जोडी वेगळी समजावून सांगायला नको. (आताच्या नव्या गाड्यांत पॉवर कार किंवा थेट इंजिनाकडून वीज येते, त्यामुळे ती मजा आणि तो त्रास दोन्ही कमी झाले.)

आणि मग आपली एस.टी. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) अशी पहिली एस.टी. धावली. पुढच्या काळात ती खेडोपाडी पोचली. धुळे हे तर रस्त्यांचे गाव. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन मोठे रस्ते इथे एकमेकांना छेदतात. त्यामुळे ट्रक, बस, गॅरेजे, आर्मेचर गुंडाळणारे, बॅटरी चार्जिंगवाले यांची इथे कधी कमी नव्हती. दुकानापुढे बाकावर ओळीने मांडलेल्या बॅटऱ्या, त्यांची उघडी बुचे, त्यातून येणारे बारीक बुडबुडे आणि ॲसिडचा तो आंबूस वास... ज्यांनी पाहिले त्यांना आठवेल.

खेड्यात मुक्कामी आलेली एस.टी. ड्रायव्हर नेहमी उतार बघून उभी करायचा. ट्रॅक्टरवालेही तसेच करत, अजूनही काही करतात. पहाटे थंडीत सेल्फने नाही म्हटले तर ब्रेक सोडायचा, गाडी उतारावरून घरंगळू द्यायची, गिअर टाकून क्लच सोडला की इंजिन सुरू. उतार नसेल तर प्रवासी उतरून "दे धक्का"! शाळेत वेळेवर पोचण्यासाठी मीही पदर खोचून एस.टी.ला हात लावला आहे.

त्या काळी आम्हाला एका गोष्टीचे कोडे होते. ड्रायव्हर स्टँडवर गाडी लावून चहाला जायचा, पण इंजिन घडघडत चालूच ठेवायचा. आम्ही म्हणायचो, सरकारी डिझेल आहे, जळू दे! पण त्याचे कारण वेगळे असायचे. जुन्या डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. दाबाने तापलेल्या हवेतच डिझेल पेटते. त्यामुळे एकदा सुरू झालेले इंजिन बॅटरीशिवाय दिवसभर चालू शकते. बॅटरी उतरलेली असेल तर ड्रायव्हरपुढे एकच उपाय, इंजिन बंदच करायचे नाही! पेट्रोलच्या फियाट-ॲम्बॅसेडरचे तसे नव्हते. तिला दर क्षणाला ठिणगी हवी, म्हणजे सतत वीज हवी. वीज संपली की गाडी उभी. (आजच्या डिझेल गाड्यांत संगणक आणि विजेवरचे पंप आहेत, त्यामुळे त्याही आता विजेशिवाय चालत नाहीत.)

त्या जुन्या डायनामोत एक मोठा दोष होता. इंजिन हळू चालत असताना तो पुरेशी वीज करत नसे. गर्दीतून हळूहळू जाणारी, वारंवार थांबणारी गाडी दिवे लावून चालली तर बॅटरी भरण्याऐवजी रिकामी व्हायची. उलट डायनामो मंदावला की बॅटरीतली वीज उलटी त्याच्यातच घुसण्याची भीती. म्हणून मध्ये "कटआऊट" बसवलेला असे. आपल्या विहिरीवरच्या पंपाला फूटव्हॉल्व्ह असतो ना, पाणी वर जाऊ देतो पण खाली उतरू देत नाही, अगदी तोच प्रकार. जुन्या जीप आणि ट्रॅक्टरवर अँपिअरचे मीटर असे. काटा अधिककडे गेला की ड्रायव्हर निश्चिंत, उणेकडे झुकला की चिंता. न शिकलेला ड्रायव्हरसुद्धा तो काटा वाचायचा. आजच्या गाड्यांतून तो काटा गेला, हे मला काही चांगले वाटत नाही.

डायनामो बदलला तो एका बारीकशा वस्तूमुळे. तिचे नाव डायोड. अल्टरनेटरमध्ये वीज निर्माण होते ती उलटसुलट दिशेने वाहणारी, म्हणजे एसी. बॅटरी मात्र एकाच दिशेची, डीसी वीज घेते. डायनामोत हे काम आर्मेचरवरची तांब्याची कडी आणि कार्बनचे ठोकळे करत. ते झिजत, ठिणग्या टाकत, आणि फार वेगाने फिरवताही येत नसत. सिलिकॉनचे स्वस्त डायोड मिळू लागल्यावर ते काम डायोडवर आले. डायोड म्हणजे विजेचा फूटव्हॉल्व्ह, कुठलाही हलता भाग नसलेला. त्यामुळे कटआऊटचीही गरज उरली नाही. १९६० साली अमेरिकेत क्रायसलर कंपनीने व्हॅलियंट मोटारीत अल्टरनेटर बसवला आणि हळूहळू सगळ्या जगाने तो उचलला. आपल्याकडे डायनामो, स्टार्टर वगैरे बनवायला मद्रासला १९६१ साली लुकास-टीव्हीएस ही कंपनी निघाली. बॅटरी बनवणाऱ्या एक्साइडचा दुसरा कारखाना १९६९ साली पुण्याजवळ चिंचवडला आला. आणि डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली, तिच्यात अल्टरनेटरच होता. मध्यमवर्गीयांच्या घरात अल्टरनेटर शिरला तो मारुतीबरोबर, असे म्हटले तरी चालेल.

धुळ्यात माझा एक जुना विद्यार्थी गाड्यांच्या वायरिंगचे दुकान चालवतो. शाळेत असताना इतिहासात सनावळ्या विसरायचा, पण कुठली तार कुठे जाते ते मात्र कधी विसरला नाही! त्याच्याकडे बसून मी हे सगळे समजून घेतले. त्याने सांगितलेला हिशेब तुम्हालाही सांगते.

पूर्ण भरलेली, स्वस्थ बसलेली बॅटरी मोजली तर १२.६ व्होल्टच्या आसपास भरते. सहा कप्पे, प्रत्येकी साधारण २.१ व्होल्ट. इंजिन सुरू केल्यावर त्याच टोकांवर मोजले तर १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसायला हवेत. हा वाढलेला आकडा म्हणजे अल्टरनेटर कामाला लागल्याची खूण. त्याचा दाब बॅटरीपेक्षा जास्त, म्हणून वीज त्याच्याकडून दिव्यांकडेही जाते आणि बॅटरीकडेही. पाणी उंचावरून सखल भागाकडे जाते, तसे.

सेल्फ मारताना लहान गाडीसुद्धा १५०-२०० अँपिअर खेचते. आकडा केवढा मोठा! पण तो दोन सेकंदांचा. तेवढ्यात जी वीज जाते ती अल्टरनेटर काही मिनिटांत भरून देतो. त्यानंतर बॅटरीला फारसे काम नाही. एकदम जास्त भार आला तर थोडा हात द्यायचा आणि विजेतले चढउतार गिळून टाकायचे, इतकेच. केळीच्या बागेत हौद असतो, तसे समजा. पंप चालू असताना पाणी थेट बागेला जाते आणि हौदही भरलेला राहतो. लाइट गेली की हौदावर भागवायचे. पण कुणी हौदालाच विहीर समजले तर किती दिवस पुरणार?

"बाई, गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-अवरची," तो म्हणाला. "रात्री हेडलाइट, इंजिनाची ठिणगी, पेट्रोलचा पंप, पंखा सगळं धरून वीस-पंचवीस अँपिअर लागतात. अल्टरनेटर बंद पडला तर कागदावर दीड तास होतो. खरं तर पाऊण तास, फार तर एक तास. त्यात जळगावहून निघालेला माणूस धुळ्याला पोचत नाही."

जळगाव ते धुळे सुमारे ९० किलोमीटर. वाटेत एरंडोल, पारोळा. म्हणजे माणूस पारोळ्याच्या आसपास कुठेतरी अंधारात उभा राहणार.

त्याचे हे बोलणे माझ्या मनात एवढे का राहिले, तेही सांगते. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. माझी बहीण पारोळ्याला असते. तिच्या मुलाच्या गाडीचा सेल्फ जड झाला होता. तो एका दुकानात गेला. दुकानदाराने बॅटरी गेली म्हणून नवी बसवून दिली. पंधरा दिवसांत पुन्हा तेच. शिवाय समोरच्या काचेखाली बॅटरीच्या चित्राचा लाल दिवा लागून राहू लागला. दुकानदार म्हणाला, "काही नाही, सेन्सर आहे, बॅटरी नवीच आहे ना!" बॅटरी चार्ज करून पुन्हा बसवून दिली.

त्याच आठवड्यात रात्री अकराच्या सुमारास बहिणीला धाप लागली. भाच्याने तिला गाडीत घातले आणि धुळ्याचा रस्ता धरला. मी त्या वेळी तिच्याकडेच होते, मागे तिचे डोके मांडीवर घेऊन बसले होते. मुकटी गेले, आणि हेडलाइट पिवळे पडू लागले. मग हॉर्न चिरका झाला. मग इंजिन अडखळायला लागले, आणि फागण्याच्या अलीकडे गाडी उभी राहिली. सेल्फ नुसता टकटक वाजला. सगळ्यात वाईट म्हणजे मागचे लाल दिवेही लागेनात. महामार्गावर आमची काळोखी गाडी आणि मागून येणारे ट्रक! भाचा मोबाइलची बॅटरी पेटवून रस्त्याकडेला उभा राहून हात हलवत होता. "मावशी, तू आईला घेऊन खाली उतर, गाडीत थांबू नका," तो ओरडला. ते मात्र त्याला बरे सुचले.

एक टेम्पोवाला थांबला. "काय व्हयनं, भाऊ?" एवढेच त्याने विचारले. कुठले, कोण, काही नाही. बहिणीला पुढे बसवले, मी तिला धरून बसले, आणि त्याने आम्हाला धुळ्याच्या दवाखान्याच्या दारात नेऊन सोडले. पैसे घेतले नाहीत. बहीण चार दिवसांत बरी होऊन घरी आली. टेम्पोवाल्याचे नाव विचारायचे तेवढे राहून गेले.

दुसऱ्या दिवशी माझ्या विद्यार्थ्याने गाडी ओढून आणली. बॅटरी चार्ज केली, इंजिन सुरू केले आणि मीटर लावला. आकडा १४ ला जायला हवा तो १२ च्याही खाली उतरत चाललेला. अल्टरनेटरचे कार्बन झिजून संपले होते. दोन-तीनशे रुपयांचे कार्बन! बॅटरी निर्दोष होती, ती बिचारी एकटीच सगळा संसार ओढत होती. "बाई," तो म्हणाला, "लोक बॅटरी बदलतात, कारण ती दिसते. अल्टरनेटर खाली दडलेला असतो, त्याला कोण विचारतो?"

त्या लाल दिव्याचा अर्थ मला त्या दिवशी नीट समजला. चावी फिरवली की तो लागतो आणि इंजिन सुरू झाले की विझतो. जुन्या गाड्यांत त्याची रचना फार सोपी होती. दिव्याचे एक टोक बॅटरीकडे, दुसरे अल्टरनेटरकडे. दोन्हीकडे सारखा दाब असला की दिवा विझलेला. एकीकडे दाब नसला की दिवा लागलेला. म्हणजे चालत्या गाडीत तो लागला तर "बॅटरी खराब" असे तो सांगत नसतो. "आता वीज येणे थांबले आहे, तुम्ही साठ्यावर चालला आहात," असे सांगत असतो. अशा वेळी पंखा, रेडिओ, एसी बंद करावे, इंजिन बंद न करता जवळच्या उजेडाच्या, माणसांच्या जागी जावे आणि तिथे थांबावे. त्या दिव्याबरोबर इंजिनही तापू लागले, तर पट्टा तुटला असण्याची शक्यता. काही गाड्यांत त्याच पट्ट्यावर पाण्याचा पंपही असतो, तेव्हा मात्र ताबडतोब थांबावे.

त्याने आणखी एक गोष्ट बजावली. जुने मिस्त्री डायनामो तपासायला इंजिन चालू असतानाच बॅटरीची तार काढून बघायचे. इंजिन चालू राहिले की डायनामो ठीक! ती युक्ती त्या काळाला चालून गेली. अल्टरनेटरच्या गाडीत तसे केले तर विजेचा दाब एकदम उसळतो, डायोड जळतात आणि गाडीतल्या संगणकालाही धोका. जुने शहाणपण नव्या यंत्राला जसेच्या तसे लावू नये, हे इतिहासाच्या शिक्षिकेला एका वायरमनने शिकवले!

आमच्या भागात बॅटरीचा खरा शत्रू ऊन. भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. थंड देशांत बॅटरी हिवाळ्यात दगा देते, कारण गारठलेले इंजिन फिरवायला जोर जास्त लागतो. पण तिचे आयुष्य कुरतडते ती उष्णता. आतले पाणी उडते, पट्ट्या गंजतात. म्हणून जमेल तेव्हा गाडी सावलीत लावावी, आणि बुचे उघडणारी बॅटरी असेल तर डिस्टिल्ड वॉटर बघत जावे, विहिरीचे पाणी नव्हे. आणि जुनी बॅटरी भंगारवाल्याला देऊ नये, नवी घेताना दुकानातच परत द्यावी. आत शिसे आणि ॲसिड असते. उघड्यावर फोडली तर मुलाबाळांना आणि जमिनीला विष. त्यासाठी २००१ साली नियम झाले, २०२२ साली नवे आले. नियम आहेतच, आपण पाळायचे एवढेच.

आता विजेच्या गाड्या आल्या. १ जून २०२२ ला एस.टी.ची विजेवरची "शिवाई" धावली, तीही मुद्दाम पुणे-अहमदनगर या पहिल्याच मार्गावर. तिच्यात इंजिन नाही, म्हणून अल्टरनेटरही नाही. मग डायनामोचा इतिहास संपला का? तसे नाही. विजेची गाडी घाट उतरताना चाके मोटरलाच उलटी फिरवतात, मोटर डायनामो होते आणि बॅटरीत थोडी वीज परत येते. लळिंगचा नाहीतर कन्नडचा घाट उतरताना जे बळ आजवर ब्रेक तापवण्यात वाया जात होते, त्यातले काही आता साठवले जाईल. मोटर तीच, डायनामोही तोच. केटरिंगने १९११ साली केलेली युक्ती शंभर वर्षांनी मोठी होऊन परत आली म्हणायची!

हे सगळे समजून घेताना एक गोष्ट मला विशेष आवडली. जुना डायनामो स्वतःतल्या उरल्यासुरल्या चुंबकत्वावर आपला आपण जागा होत असे. अल्टरनेटरला मात्र जागे व्हायला आधी बॅटरीकडून थोडीशी वीज लागते. ती मिळाली की त्यात चुंबक तयार होते, आणि मग तो बॅटरीसकट सगळ्यांना पुरून उरतो. म्हणून बॅटरी अगदी ठार मेलेली असेल तर आजची गाडी धक्का मारूनही बहुधा सुरू होत नाही. म्हणजे दोघांपैकी मोठे कोण, हा प्रश्नच चुकीचा. आम्ही वर्गात सनावळ्या शिकवल्या त्या बहुतेक सुरुवातींच्या. अमुक साली स्थापना, तमुक साली उद्घाटन. स्थापनेनंतर ते रोज चालवले कुणी, हे पुस्तकात नसते आणि परीक्षेतही येत नाही. घरातही सुरुवात करणाऱ्याचे नाव होते आणि रोज पुरवठा करणारे माणूस स्वयंपाकघरात नाहीतर शेतात दिसेनासे असते. ते थकले की दिवे पिवळे पडतात, तेव्हा कुठे आपल्याला कळते.

असो. फार लांबले. लेखातून एवढे जरी लक्षात राहिले, की चालत्या गाडीतला लाल दिवा ही थट्टा नव्हे, आणि नवी बॅटरी घेण्याआधी इंजिन चालू ठेवून मीटरवरचा आकडा बघायचा असतो, तरी मला पुष्कळ. भाच्याने तर आता गाडीत छोटा मीटरच ठेवला आहे. जाताना त्यावर एक नजर टाकतो आणि म्हणतो, "मावशी, चौदा आहेत, चल!"

तुमच्याकडच्या हँडलच्या, धक्क्याच्या, उतारावर लावलेल्या गाड्यांच्या आठवणी असतील तर जरूर लिहून कळवा. आणि त्या रात्री पारोळ्याकडून धुळ्याला येणारा टेम्पोवाला तुमच्यापैकी कुणाच्या ओळखीचा असेल, तर त्याला आमचा नमस्कार सांगा.